पहिलं नाव

आबा खवणेकर पहिला घास कधी लगेच घेत नसत. ताटात भात पडला की दोन बोटांनी तो आधी सगळा पसरायचे, वाकून बघायचे, मग वरणाच्या वाटीत बोट बुडवून तळ चाचपायचे, आणि मगच जेवायला लागायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते सौदीत, अबकैकला, आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये, एका शुक्रवारी. मला कुठलं राहवतंय! मी म्हटलं, "आबा, बासमती आहे हो, पाकिटातला. यात कुठले आले खडे?"

मान वर न करता ते म्हणाले, "खडो दातात येवच्या आधी बोटात येवक व्हयो."

मी कणकवलीचा. सौदीच्या त्या रखरखाटात कुणी आपल्याला मालवणीत झापलं की जीवाला किती बरं वाटतं, ते तिकडे राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी ताट उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, आणि पुढे दर शुक्रवारी ती जागा माझीच झाली.

आबा म्हणजे आमचे साइट इंजिनिअर सुहास खवणेकर यांचे वडील. वय सत्त्याहत्तर. व्हिजिट व्हिसावर मुलाकडे आले होते. साहेबांचा फ्लॅट गावात. सूनबाई दिवसभर शाळेत शिकवायला, आणि आजोबांनी बोलायला तोंड उघडलं की नातवंडं 'नॉट नाऊ, आजोबा' म्हणून मोकळी. खिडकीतून दिसायचं काय, तर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी! म्हातारा उबगला. साहेब रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या कामाची माणसं ठरवायला कॅम्प ऑफिसात यायचे, तेव्हा आबांना गाडीत घालून आणायचे आणि आमच्या केबिनशी सोडायचे. दीड-दोन तास आबा आमचे. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा जेवणही आमच्याच मेसमध्ये.

आम्ही म्हणजे तिघं. मी टाइमकीपर, कामगारांच्या हजेरीचे कागद माझ्याकडे. दिगू रिगर, म्हणजे क्रेनला लोखंड बांधून देणारा, वेंगुर्ल्याचा. आणि राजापूरचे हमीदभाई, पाइप फिटर, बावीस वर्षं आखातात काढलेले. कॅम्पात भांडण झालं की दोन्ही बाजू हमीदभाईंकडे यायच्या. बाकी दीडेकशे माणसं केरळची, बंगालची, तामिळनाडूची, नेपाळची, पाकिस्तानची.

आबांचे बूट बघण्यासारखे. सगळीकडे वाळू, दोन पावलं टाकली की बूट पांढरे, पण हा माणूस रोज पॉलिश करून यायचा आणि केबिनच्या दारात खिशातलं फडकं काढून परत पुसायचा. चादरीची घडी कशी घालायची ते त्यांनी दिगूला तीन वेळा शिकवलं आणि चौथ्या वेळी शिवी घातली. नेव्हीत होते, सिग्नलमन. एवढंच आम्हाला ठाऊक. मी कितीदा विचारलं, आबा, सांगा की काहीतरी, लढाई बिढाई. "नोकरी केली, पेन्शन घेतली. त्यात सांगण्यासारखां काय आसा?" म्हणायचे आणि पत्ते पिसायला घ्यायचे.

तो दोन हजार पाचचा उन्हाळा. प्लांटच्या शटडाऊनचं काम आमच्या कंपनीकडे होतं. प्लांट बंद ठेवायचा, पाइप बदलायचे आणि ठरल्या दिवशी चालू करून द्यायचा. दिवस मोजके, उन्हाचा नुसता भडका. दुपारचं जेवण मेसमध्ये पहाटे चार वाजता डब्यात भरायचे. ते डबे साइटवर पत्र्याच्या शेडखाली बारापर्यंत पडून. उघडलं की नाकाला आंबूस वास. डाळीवर फेस. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, मग नाक दाबून खाल्लं, मग लोक नुसती खबूस, म्हणजे तिथली जाड रोटी, पाण्यात बुडवून दिवस काढू लागले. खवणेकर साहेबांना सांगितलं. "मी बोलतो," म्हणाले. बोललेही असतील, पण डबे होते तसेच येत राहिले.

मग एका सोमवारी दिगू साइटवर आडवा झाला. ओकून ओकून पांढरा पडला. क्लिनिकात नेऊन सलाइन लावलं. संध्याकाळी आबा त्याच्या उशाशी बसले होते. दिगूने पाणी मागितलं तेव्हा आबांनी पेला आधी उजेडात धरून बघितला. जाताना मला म्हणाले, "कारकुना, लक्ष ठेव. बंड पोटात सुरू होता, तोंडात मागसून येता."

मी म्हटलं, "कसलं बंड घेऊन बसलात आबा! इकडे मोठ्याने शिंकलं तरी पासपोर्टावर एक्झिट मारून घरी धाडतात."

दुसऱ्याच दिवशी ते झालं. बाराची शिट्टी झाली. माणसं शेडखाली गेली, डबे घेतले. कुणी सुरुवात केली ते मला आजतागायत माहीत नाही, देवाशपथ. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं तर एक डबा दारासमोर वाळूत ठेवलेला, न उघडलेला. मग दुसरा, त्याला चिकटून तिसरा. कुणी ओरडत नव्हतं, घोषणा नव्हत्या. माणसं येत होती, वाकून डबा ठेवत होती आणि पाइपांच्या सावलीत जाऊन बसत होती. एकची शिट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. क्रेन थांबलेली, वेल्डिंगचा आवाज बंद. संप या शब्दालाही त्या देशात बंदी होती, आणि आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत.

प्रोजेक्ट मॅनेजर बाहेर आला. हा ना गोरा ना अरब, आपल्याच देशातला, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. डब्यांच्या रांगेकडे बघितलं आणि हिंदीत शांतपणे म्हणाला, "तक्रार आहे? ठीक. लिहून द्या. नावं घाला, सह्या करा. उद्या सकाळी दहापर्यंत कागद माझ्या टेबलावर. नाहीतर पोलिसांना फोन, आणि सगळे घरी. यल्ला, कामाला लागा."

माणसं उठली, कामाला लागली. मला तर हायसंच वाटलं. लिहून मागतोय म्हणजे ऐकणार, अशी माझी समजूत. कॅम्पात इंग्रजी लिहिणारा मी, म्हणून संध्याकाळी सगळे माझ्या केबिनशी जमले. मी ऐटीत अर्ज लिहिला. खाली आकडे घातले, एक, दोन, तीन. पहिलं नाव कुणाचं? मी म्हटलं, "हमीदभाईंचं. ते सगळ्यांत वडील, मान त्यांचा." लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा आपण पहिलं नाव वडीलधाऱ्यांचंच घालतो ना! सगळ्यांनी माना डोलावल्या. हमीदभाई माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "घाल बाबा," आणि पेन घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात आबा दारात. साहेब मॅनेजरच्या ऑफिसात गेले होते, हे नेहमीसारखे इकडे. त्यांनी बूट पुसले, आत आले, टेबलावरचा कागद उचलला, हात लांब करून वाचला. आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येतेय.

"हमीदाचां नाव पयलां कोणी घातल्यान?"

"मी घातलं. मान म्हणून."

त्यांनी कागदाचे उभे दोन तुकडे केले, मग आडवे दोन. मी भडकलो. "आबा, काय हे! दोन तास घासलेत त्यावर! आणि तुमचं काय जातंय? तुमच्या मुलाची नोकरी शाबूत आहे. आमचं इथे घरदार टांगणीला लागलंय!"

साहेबाच्या बापाशी असं बोललो म्हणून हमीदभाईंनी माझा दंड धरला. आबा रागावले नाहीत. खाटेवर टेकले आणि म्हणाले, "बस. आयक."

आणि त्या दिवशी त्यांनी सांगितलं. सेहेचाळीस साल, मुंबई. आबा अठरा वर्षांचे, किनाऱ्यावरच्या नेव्हीच्या ठाण्यात सिग्नलचं शिक्षण चाललेलं. डाळीत खडे, भातात किडे, आणि बोलायला गेलं की गोरा अधिकारी आईवरून शिव्या घालायचा. पोरांनी ठरवलं, आधी रीतसर अर्ज करू. अक्षर आबांचं चांगलं, म्हणून लिहायला आबा. पंधरा नावं. पहिलं नाव गोविंदाचं. गोविंद हर्णैचा, तीन वर्षांनी मोठा, आबांचा जिवाभावाचा मित्र. "मी तेका म्हटलंय, तू वडील, मान तुझो. तेणां पेन घेतल्यान, हसलो, नि सही ठोकल्यान."

अर्ज गेला, कुणी विचारलं नाही. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी पोरांनी ताटं सरकवली आणि म्हणाली, जेवणार नाही, काम करणार नाही. दुसऱ्या दिवशी बंदरातल्या जहाजांवरून इंग्रजांची निशाणं खाली आली. पोरं लॉऱ्यांत उभी राहून शहरभर फिरली, गोदीत गोळ्या सुटल्या, रस्त्यात माणसं पडली. चार-पाच दिवस असं वाटलं की राज्य आता उलटलंच. मग मोठमोठ्या माणसांचे निरोप आले. हत्यारं खाली ठेवा, कुणाला त्रास होणार नाही, आमचा शब्द.

"हत्यारां ठेवली. आणि मग तेंनी तो जुनो अर्ज भायर काडल्यानी," आबा म्हणाले. "खयसून सुरुवात करायची? पयल्या नावापासून. गोविंदाक पयलो उचलल्यानी. छावणीत घातल्यानी, मग अंगावरचो युनिफॉर्म उतरवन घराक धाडल्यानी. नोकरी नाय, पेन्शन नाय, दाखल्यावर लाल शाईचो शेरो. कोण उभो करतलो तेका? गोदीत वझी उचलून मेलो तो, चाळीस वर्सांचो होवच्या आधी. माझो नंबर नववो. आठापर्यंत इले, आणि थांबले."

हमीदभाई बंगाल्यांना आणि केरळ्यांना हिंदीत समजावून सांगत होते. मी खाली मान घालून फाटलेले कागद गोळा करत होतो.

"मॅनेजराक दीडशे माणसां एका दिवसात मिळणत नाय," आबा म्हणाले, "शटडाऊन सुरू आसा. पण धरूक एकटो माणूस तेका व्हयो आसा. म्हणान तो नावां मागता. दिगू, ताट दी हकडे."

दिगूने जेवायचं स्टीलचं ताट दिलं. आबांनी ते कोऱ्या कागदावर पालथं घातलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. जुन्या काळचे खलाशी असंच करायचे म्हणे, कप्तानाकडे तक्रार करायची तर नावं गोल लिहायची, म्हणजे पहिला कोण ते कुणाला कळत नाही. आबांना हे एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलं, पण वीस वर्षं उशिरा.

मी पेन उचललं तर माझ्या हातावर चापट बसली. "खुळो काय तू? तुझां अक्षर सगळ्या हजेरीर आसा. पाच मिनटांत ओळखतलो." आणि गोलाच्या आत त्यांनी स्वतः तक्रार लिहिली, इंग्रजीत, सुट्या मोठ्या अक्षरांत. दुपारचं जेवण पहाटे भरू नये, दुपारीच गरम आणावं. चार ओळी, बस. मग कागद फिरायला लागला. गोलाभोवती मल्याळम, बंगाली, तमिळ, उर्दू, आपली देवनागरी, आणि अधूनमधून अंगठे. जागा संपली तेव्हा बाहेरून दुसरा गोल काढला. प्रत्येक जण सही करताना कागद थोडा फिरवायचा. माझी सही कुठे आहे ते मलाच नंतर सापडेना.

सकाळी दहाला कागद मॅनेजरच्या टेबलावर गेला. त्याची आणि माझी खोली यांच्यामध्ये प्लायवुडची भिंत आणि तीत काच. मला सगळं दिसत होतं. त्याने कागद हातात घेतला, वाचला, मग डावीकडे फिरवला. मग उजवीकडे. मग उलटा केला. एरवी मला हसू आवरलं नसतं, पण तेव्हा मी हजेरीचे कागद पुढ्यात ओढले. त्याने खवणेकर साहेबांना बोलावलं. "हे तुमच्या माणसांना कुणी शिकवलं? उद्या सकाळपर्यंत मला एक नाव पाहिजे. नाहीतर मी तुमचंच धरतो."

साहेबांनी कागद घेतला. आणि त्यांची नजर मधल्या चार ओळींवर थांबली. सातवीपासून ते हॉस्टेलला. दर आठवड्याला त्याच सुट्या मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिलेलं वडिलांचं पाकीट त्यांना यायचं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

घरी बापलेकांत काय झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या गाडीतून आबा उतरले. पांढरा शर्ट, बूट आरशासारखे. सरळ मॅनेजरच्या दारावर टकटक केली आणि आत गेले. मागून साहेब. मी काचेला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"तुम्ही नाव शोधताय," आबा इंग्रजीत म्हणाले. ताठ उभे, हात पँटच्या शिवणीला. "हे मी लिहिलं. गोल मी काढला." खिशातून पेन्सिल काढून ते वाकले, कागदाच्या डोक्यावर, दोन्ही गोलांच्या वर, त्यांनी एकचा आकडा घातला आणि त्यापुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं. "ही घ्या सुरुवात."

मॅनेजरने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे. मग साहेबांना विचारलं, "हे कोण?"

साहेब एवढंच म्हणाले असते की वय झालंय, डोकं ठिकाणावर नाही, तरी सुटले असते. हप्ते होते, मुलांची शाळा होती.

"माझे वडील," साहेब म्हणाले. "आणि जेवण आंबलेलं असतं हे मीही तुम्हाला दोनदा लेखी दिलंय, सर. प्रत माझ्याकडे आहे."

मॅनेजरचा हात फोनवर होता. मग त्याने हात काढला. जो माणूस आपल्या नोकरीतच नाही त्याला काढणार कसा? "तीन दिवसांत यांना घरी पाठवा," एवढंच म्हणाला. शनिवारपासून दुपारी बाराला गरम जेवणाची गाडी साइटवर यायला लागली. एकाही माणसाला एक्झिट लागली नाही. खवणेकर साहेबांचं मात्र वर्षअखेरीचं प्रमोशन गेलं. दुसऱ्याला मिळालं. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

आबांना दम्माम विमानतळावर सोडायला साहेबांबरोबर मीही गेलो. मागच्या सीटवर बॅग आणि मी. चेकपोस्टवर शिपायाने आमचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, आणि आबांचा पासपोर्ट बघितला, गाडी पुढे सरकली, आणि आबा एकदम बोलायला लागले. समोरच्या रस्त्याकडे बघत, माझ्याशी की मुलाशी, कळेना.

"मान म्हणान नाय रे झिला. मी भियालंय म्हणान घातलंय गोविंदाचां नाव. लिवणारो मी, तर पयलो मीच धरलो जातलंय, ह्यां माका तेव्हाच कळलेलां. मान हो नुसतो बोलूचो." मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी नोकरी रवली म्हणान तू शिकलंस. तुझां इंजिनिअरिंग गोविंदाच्या नावार झालां, सुहास. ताच ऋण फेडूक गेललंय."

साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिले. मी मागे मान खाली घातली. कारण मीही मान म्हणून घातलं नव्हतं हमीदभाईंचं नाव. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. पहिल्या ओळीवर पेन टेकवताना मला ती आठवली होती, आणि मग मान आठवला होता. आबांना हे पहिल्या नजरेत कळलं असणार. तरी सगळ्यांसमोर त्यांनी मला उघडं पाडलं नाही.

परत आल्यावर मला जेवण जाईना. शेवटी हमीदभाईंना गाठलं आणि सांगून टाकलं. भाई, मी घाबरलो म्हणून तुमचं नाव पहिलं घातलं होतं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. हमीदभाई चहात साखर ढवळत होते.

"ठाऊक होतं की मला," म्हणाले. "तुझा हात कापत होता. तुझं लेकरू लहान, माझ्या पोरी उजवून झाल्या. कुणीतरी पहिलं पाहिजेच ना रे? मी सही करणारच होतो."

पुढच्या शुक्रवारी मी आबांना गावी फोन लावला आणि हे जसंच्या तसं सांगितलं. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. लाइन गेली म्हणून ठेवणार, तेवढ्यात आबांचा आवाज आला, अगदी बारीक.

"म्हणान हसलो होतो गोविंद," ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. साहेबांनी साइटवर येऊन आधी मला सांगितलं आणि मग हमीदभाईंना शोधत पाइपांमधून चालत गेले.